टेबलाखालची निळी केबल

मित्रांनो, पेन्सिल घरंगळली म्हणून तुम्ही कधी टेबलाखाली शिरला असाल, तर माझ्यासारखी एखादी तिथे पाहिली असेल. मी एक जुनी निळी केबल आहे. लांबी तीन मीटर. माझं एक टोक भिंतीतल्या खाचेत असायचं आणि दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीत. लोक मला 'वायर' म्हणत. पाय अडकला की आणखीही काही म्हणत, ते इथे लिहीत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांब्याच्या आठ बारीक तारा, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं अंगडं. दोन-दोन तारांना पीळ घालून चार जोड्या केल्या. पीळ अशासाठी, की एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानात शिरून गोंधळ होऊ नये. मग वरून निळी कातडी चढवली आणि दोन्ही टोकांना पारदर्शक प्लग बसवले. प्रत्येक प्लगवर नखाएवढी एक क्लिप असते. प्लग खाचेत शिरला की ती 'टक्' वाजते, आणि मग ओढलं तरी तो सुटत नाही. आमचं सगळं बळ त्या नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मला ज्या खोलीत आणलं, ती मुलांना बोलायला शिकवण्याची खोली होती. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांचे शब्द उशिरा फुटतात, अशी मुलं तिथे यायची. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. प्रत्येक मुलाचा आवाज ताई कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवत, आणि दर शुक्रवारी त्या आवाजांची एक प्रत खालच्या मजल्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवत. त्याला सर्व्हर म्हणत. ती ने-आण माझ्यातून व्हायची. मला बसवलं त्या दिवशी बसवणारा म्हणाला होता, "एकदम कडक लाइन आहे, ताई." त्यानंतर माझं कौतुक कुणी केलं नाही. केबलचं असंच असतं. चालते आहे तोवर ती आहे हेच कुणाला आठवत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझा प्लग कॉम्प्युटरच्या पाठीत शिरतो, तिथे एक छोटा हिरवा दिवा आहे. जोडणी नीट झाली की तो लागतो, सुटली की विझतो. मला बोलता येत नाही. माझ्या वतीने बोलणारा तेवढा एक दिवाच. पण त्याचं तोंड भिंतीकडे.

एका सकाळी पिटुकली आली. चार वर्षांची, दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं, आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसलेलं. खुर्चीवर बसायला तयार नाही, चटईवर बसायला तयार नाही. ताईंनी पाठ वळवली तेवढ्यात ती टेबलाखाली शिरली आणि माझ्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली.

तिची आई ओशाळली. "अगं, बाहेर ये ना! ताई काय म्हणतील?"

"ताई म्हणतील, आम्हीपण खाली येतो," ताई म्हणाल्या, आणि खरंच खाली आल्या. डोकं आपटलं टेबलाला. पिटुकली हसली. बिनआवाजाचं हसणं, पण हसली.

त्या दिवसापासून शाळा टेबलाखालीच भरू लागली. जागा पुरेना, म्हणून ताईंनी आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी मिळून टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. टेबलाच्या पायाला अडकून मी ताणली गेले. कॉम्प्युटरच्या बाजूची माझी क्लिप 'कट्' करून तुटली. आवाज झाला, पण त्याच वेळी पिटुकलीची आई म्हणत होती, "आता किती छान जागा झाली बघ!" प्लग जागेवरच राहिला, फक्त त्याला धरून ठेवणारं काही उरलं नाही.

मित्रांनो, मी पूर्ण निसटून जमिनीवर पडले असते, तर फार बरं झालं असतं. पडलेली केबल कुणालाही दिसते. अर्धवट धरून राहिलेली कुणाला दिसत नाही.

त्यानंतर माझं काम लंगडं झालं. कुणाचा पाय लागला, फरशी पुसताना फडकं अडकलं, की हिरवा दिवा विझायचा. शुक्रवारी प्रती पाठवायला घेतल्या की निम्म्यावर अडकायच्या. ताई मदतीसाठी फोन करत. पलीकडून उत्तर येई, "बंद करून चालू करा." ताई वाकून कॉम्प्युटरचं बटण दाबत, त्या धक्क्याने प्लग जरासा सरकून पुन्हा टेकायचा, आणि सगळं सुरू व्हायचं. सगळ्यांना वाटलं, बंद-चालू करणं हेच औषध. मावशी म्हणायच्या, "माझ्या नवऱ्यासारखं आहे हे मशिन. हलवल्याशिवाय उठत नाही."

शेवटी, पिटुकलीची एकही प्रत सर्व्हरवर पोचायच्या आतच, ताईंनी शुक्रवारच्या प्रती पाठवणं सोडलं. पेनड्राइव्ह लावायला व्हायरसच्या भीतीने बंदी होती. ताई सगळी रेकॉर्डिंग समोरच ठेवू लागल्या. कॉम्प्युटर सुरू केला की पहिल्यांदा दिसतो त्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर. तिथे 'पिटुकली' नावाचा एक पिवळा फोल्डर होता. त्यात सहा महिन्यांत एकेचाळीस रेकॉर्डिंग जमली. पहिल्या नऊमध्ये नुसता श्वास आहे. दहाव्यात 'म'. तेविसाव्यात, आईच्या हातातलं बिस्किट पाहून, 'दे'. त्या दिवशी तिच्या आईने बिस्किटाचा अख्खा पुडाच तिच्या मांडीत ओतला होता.

केंद्रात बाराच मुलांची जागा होती आणि बाहेर थांबलेल्यांची यादी लांब. दर सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरबाई येत आणि कोणाची जागा ठेवायची, कोणाची दुसऱ्याला द्यायची ते ठरवत. पिटुकली परक्या माणसासमोर ओठ मिटून घ्यायची. त्यामुळे तिच्या वतीने बोलणारी होती ती एकेचाळीस रेकॉर्डिंगच. गुरुवारी तपासणी. बुधवारी ताईंनी रेकॉर्डिंग मोठ्या डॉक्टरबाईंकडे पाठवायला घेतली, आणि ती पाठवली जाईनात. सतरा टक्के, आणि लाल फुली. पुन्हा सतरा टक्के, पुन्हा लाल फुली.

ताईंनी तक्रार नोंदवली, आणि दुपारी सपोर्टवाला दादा आला. वाईट मुळीच नव्हता बिचारा. हसतमुख, घामेजलेला, खिशात दिवसभराच्या तक्रारींची यादी. अजून सात ठिकाणी जायचं होतं त्याला.

तो खुर्चीवर बसला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याने काही आज्ञा टाइप केल्या. कॉम्प्युटरला नेटवर्ककडून एक आकडी पत्ता मिळावा लागतो. तो मिळाला नाही, तर कॉम्प्युटर स्वतःच १६९ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतो, म्हणजे पत्ता न मिळालेल्या माणसाने स्वतःच्या दारावर भलताच नंबर खडूने लिहावा तसं. दादाने तो १६९ पाहिला आणि म्हणाला, "हां, इथे घोळ आहे."

खाली बघ, दादा. पत्ता येतो कुठून? माझ्यातूनच ना! पण तो वरच पाहत राहिला. त्याने ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्कचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घातला. अँटिव्हायरस बंद केला. सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या केल्या. दर वेळी बंद, दर वेळी चालू. एकदा त्याचा गुडघा लागून माझा प्लग टेकला आणि दोन मिनिटं नेट आलं. "आलं बघा!" म्हणून तो उठला, खुर्ची सरकली, आणि गेलं.

मावशी दारातून पाहत होत्या. "बंद करायचं, चालू करायचं. एवढ्यासाठी कॉलेजात गेलास होय रे बाबा?"

दादा कसनुसा हसला. मग म्हणाला, "विंडोजच बिघडलेली दिसतेय. फॉरमॅट करून नव्याने टाकतो. तासाभराचं काम."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. त्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. पुसायचा होता तो फक्त सी. विचारल्याशिवाय पुसायचं नाही, एवढं दादा शिकलेला होता. शेजारच्या खोलीत ताई दुसऱ्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. त्याने दारातून विचारलं, "ताई, सीमध्ये तुमचं काही महत्त्वाचं आहे का?"

"सीमध्ये?" ताई म्हणाल्या. "नाही हो. मी तिकडे कधी जातच नाही."

मित्रांनो, दोघेही खरं बोलत होते. ताई सीमध्ये खरंच कधी जात नसत. त्यांचं सगळं तर डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर होतं. पण तो समोर दिसणारा डेस्कटॉप आतून सीमधलीच एक खोली असतो. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. दादाला ते इतकं ठाऊक होतं, की सांगायला हवं हेच त्याच्या मनात आलं नाही.

मी सगळं ऐकलं. काय करू शकत होते मी? आठ तारा, एकीलाही जीभ नाही. दादाने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. पंखा घरघरला. दिव्याने विझून, लागून, विझून पाहिलं, भिंतीला दाखवत. तासाभराने पडदा स्वच्छ निळा झाला.

आणि कोपऱ्यात तीच लाल फुली.

मग दादा उठला, गुडघ्यावर बसला आणि पहिल्यांदाच टेबलाखाली वाकला. मोबाइलचा उजेड माझ्यावर पडला. त्याने अंगठ्याने माझा प्लग आत दाबला. हिरवा दिवा लागला. बोट काढलं, विझला. पुन्हा दाबलं, लागला. तुटलेल्या क्लिपच्या जागी त्याने नख फिरवलं आणि तसाच अंगठा दाबून बसून राहिला.

ताई आल्या तेव्हा तो खालीच होता. "झालं का हो? माझा पिवळा फोल्डर कुठे गेला?"

"कुठला फोल्डर?"

"डेस्कटॉपवरचा. पिटुकलीचा."

"ताई, तुम्ही म्हणालात सीमध्ये काही नाही..."

"सीमध्ये नव्हतंच! डेस्कटॉपवर होतं!"

दादाचा अंगठा प्लगवरून सुटला. बाकीच्या सात तक्रारी सोडून तो अंधार पडेपर्यंत बसला. हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. एकेचाळीसपैकी एकोणतीस नावं सापडली. उघडली एकही नाही. निघताना त्याने मला काळ्या चिकटपट्टीने कॉम्प्युटरला बांधलं, कारण नवी केबल त्याच्या पिशवीत नव्हती.

गुरुवारी पिटुकली आली. तिच्या आईने सकाळीच दोन्ही यंत्रांचे सेल बदलले होते, वर आणखी चार सेल पर्समध्ये, आणि दर पाच मिनिटांनी ती पर्स उघडून ते आहेत ना पाहत होती. फोल्डरचं तिला दारातच कळलं. दादाही मुद्दाम आला होता. "वहिनी, माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी घरी रोज म्हणायचे, रेकॉर्ड करायला नको, ताईंकडे आहे ना सगळं," एवढंच ती बोलली.

मोठ्या डॉक्टरबाई प्रेमळ होत्या. त्या खाली वाकल्या, रंगीत खडू दाखवले, टाळी वाजवून पाहिली. पिटुकलीने एक लाल खडू मुठीत धरला आणि माझ्याशेजारी बसून दुसऱ्या हाताच्या नखाने चिकटपट्टीची कड उचकटत राहिली. ओठ घट्ट.

"ती बोलते, मॅडम," ताई म्हणाल्या. "मी स्वतः ऐकलंय."

"मला खोटं वाटत नाहीये हो. पण फॉर्मवर काय लिहू? सहा महिन्यांपूर्वी शून्य, आजही शून्य. बाहेर एकोणीस मुलं थांबलीत."

आई पुढे झाली. "तिने 'दे' म्हटलं होतं. 'दे' म्हण ना गं. एकदाच म्हण. पिटू, हे बघ, दे... दे म्हण ना!" तिचा आवाज चढत गेला, आणि चढत्या आवाजाने पिटुकली आणखी आत सरकली.

मोठ्या डॉक्टरबाईंनी उठून खुर्ची मागे ओढली. त्याच खरखरीत पिटुकलीच्या हातातला लाल खडू सुटला, घरंगळत कपाटाखाली गेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "गेला."

नवा शब्द. एकेचाळीसपैकी एकाही रेकॉर्डिंगमध्ये नसलेला. दोन अक्षरं, स्पष्ट. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी आयुष्यभर हजारो आवाज मजल्यांवरून, इमारतींपलीकडे पोचवले. तो एक शब्द टेबलाखालून टेबलावर नेणं मला जमलं नाही. वर पेन चालल्याचा आवाज येत होता.

पिटुकलीचं नाव आता बाहेरच्या यादीत आहे, विसाव्या नंबरवर. संध्याकाळी दादाने नवी केबल लावली आणि मला गुंडाळून खोक्यात ठेवलं. ठेवण्याआधी तुटलेल्या टोकावर लाल पट्टी चिकटवली, चुकून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी हेच काम करतील. माणसं चिंतेत असताना तुम्हाला बोलावतील आणि तुम्हाला घाई असेल. तेव्हा आधी वाका. दिवा लागला आहे का पाहा, प्लग बोटाने हलवून पाहा. अर्धं मिनिट लागतं. आणि काही पुसण्याआधी 'सीमध्ये काही आहे का' असं दारातून विचारू नका. त्या माणसाला खुर्चीवर बसवा आणि म्हणा, "तुमचं जे जपून ठेवायचं आहे, ते मला दाखवा." मग तो बोट ठेवेल तिथे पाहा. त्या पिवळ्या फोल्डरवर ताईंनी नक्की बोट ठेवलं असतं.