दुसरा चमचा

"बाळ, आ कर. हे बघ, मी पण करते. आऽऽ!"

बाळनं ओठ गच्च मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. चमच्यातला मऊ भात ताईच्या मनगटावर सांडला.

बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. म्हणायला बाळ, पण दाढी पांढरी व्हायला लागलेली. जन्मापासून हातपाय त्याचं ऐकत नव्हते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. कळायचं मात्र सगळं. आईनं त्याला जन्मभर भरवलं. परवा सकाळी ती ओट्याशी कोसळली आणि गेली. तेव्हापासून या पठ्ठ्यानं पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं.

डॉक्टर मघाशी बजावून गेले होते. "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात हलवून नाकातून नळी घालावी लागेल." नळीचं नाव काढलं की आई अंगावर धावून जायची. "माझ्या लेकराला चव कळते. नळीला कळते का?"

म्हणून ताई हट्टाला पेटली. आईचा स्वेटर चढवला, आईच्या स्टुलावर बसली, आईसारखंच "गिळा आता, साहेब" म्हणून पाहिलं. बाळनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वाडग्याकडे, आणि पुन्हा भिंत जवळ केली.

एरवी ती चिडली असती. आईचा सगळा जीव बाळवर, आपल्या वाट्याला उरलंसुरलं, हे तिच्या मनात लहानपणापासून सलत होतं. पण आज रागही येईना. परवापासून सगळं बधिर. लोक भेटायला आले, डोळे पुसून गेले, जाताजाता कुजबुजले, पोरगी दगडाची आहे. आता रडू म्हणजे काय नळाचं पाणी, तोटी फिरवली की यायला! आईच्या चपला दारातून उचलताना तिच्या मनात आलं ते इतकंच, की टाचा पार झिजल्यात. सकाळपासून रात्रीपर्यंत चपलांच्या दुकानात नोकरी, दुसरं काय सुचणार.

शेजारच्या काकू दार ढकलून आत आल्या. स्टुलाशी थबकल्या.

"अगं, दुसरा चमचा कुठाय?"

"कसला दुसरा?"

"आईचा. मोठा, स्टीलचा."

"तो मी घासून आत ठेवला. त्याच्या तोंडात कुठे मावतोय तो?"

"त्याच्यासाठी नव्हताच तो." काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. "एक घास याचा, एक तिचा. तुझी आई कसली गं, कामाच्या नादात दिवसदिवस उपाशी राहायची. एकदा चक्कर येऊन याच्या अंगावरच पडली. तेव्हापासून हा तोंड मिटून बसायला लागला. तिनं घास घेतला की मगच हा आ करणार. तिनं चुकवायचा म्हटलं तरी सोय नाही, हा तिच्या गळ्याकडे टक लावून! म्हणायची, बघा हो, हा माझा सासरा बसलाय पहाऱ्याला."

ताईनं मनगटावरची शितं पुसली.

"तू कधी जेवलीस?" काकूंनी विचारलं.

ताईनं आठवून पाहिलं. आठवेना.

ती उठली. आतून मोठा चमचा घेऊन आली. वाडग्यातला भात गार झाला होता. तिनं एक घास तोंडात घातला. चव अशी काही लागलीच नाही. बाळनं मान वळवली. त्याचे डोळे तिच्या गळ्यावर खिळले. तिनं गिळलं.

बाळनं आ केला.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि जाताना हळूच दार ओढून घेतलं. मग एक घास त्याचा, एक तिचा, असं चालू राहिलं. मधेच ताई म्हणाली, "आई गेली रे, बाळ." हे त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या घशातून बारीक आवाज आला. तिनं त्याची हनुवटी पुसली.

वाडग्याच्या तळाशी एक घास उरला. ताईनं तो लहान चमच्यात घेऊन त्याच्या ओठांशी नेला. बाळनं ओठ मिटले आणि तिच्याकडे बघत राहिला.

पाळी तिची होती.

ताईनं तो खाल्ला.