बाजाराचं नाक

बाजारात त्याला सगळे 'नाक' म्हणायचे, तेही तोंडावर. अत्तराचं दुकान बापाकडून आलं होतं, पण नाव झालं ते त्याच्या नाकामुळे. बाटलीचं बूच काढायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा, की निकाल तयार. त्यावर अपील नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याला सणकून ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. गुलाब गेला, लसूण गेला, उतू गेलेलं दूधही गेलं. परत येईल म्हणून आधी त्याने कुणाला सांगितलं नाही. आला नाही म्हणून मग तर मुळीच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्या नाकावर तिचा त्याच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

बाटल्यांच्या जागा पाठ होत्या, त्यामुळे दुकान चाललं. एकदा फक्त फरशी पुसायच्या फिनेलची बाटली चुकून अत्तरांच्या फळीवर गेली. त्याने ती उघडली, डोळे मिटले आणि म्हणाला, "देवदार. जुना माल आहे, जरा जड वाटेल." गिऱ्हाइकाने हुंगलं, क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नाक चुकेल कसं? त्याने बाटली घेतली. पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन आला, त्यालाही तेच हवं होतं. चूक त्याला तेव्हा कळली, पण घरी बायकोला त्याने देवदारचीच गोष्ट सांगितली.

मग बायकोचं ऑपरेशन झालं. रक्तस्रावाने ती पांढरीफटक पडली होती, शेवटी गर्भाशय काढावंच लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "थोडं अंगावरून जाईल, ते चालतं. पण त्याला घाण वास आला, ताप आला, पोटात दुखणं वाढलं, तर वाट बघू नका. तडक इकडे आणा."

त्याची आई हसली. "वासाची काळजी आम्हाला नको, डॉक्टर. आमच्या घरी नाक आहे."

"सगळ्यांच्याच घरी असतं, आजी."

"तसलं नाही हो."

बोलायची हीच वेळ होती. त्याने घसा खाकरला आणि सामानाच्या पिशव्या उचलल्या.

घरी आल्यावर सुरुवातीला सगळं ठीक होतं. ती भिंतीला धरून चालायची, आई तिला पेज भरवायची, ती चोरून लोणचं खायची. एका सकाळी तो दुकानाला निघाला तर तिने हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. मला कसलातरी वास येतोय."

तो पलंगाशी वाकला. डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला. आत काहीच आलं नाही, कोऱ्या कागदासारखी हवा.

"औषधांचा आहे," तो म्हणाला. "आणि त्या नव्या साबणाचा."

"नक्की?"

"मला विचारतेस?"

ती हसली. "बाई गं. मी घाबरलेच होते."

जिना उतरताना त्याने स्वतःची समजूत घातली. काही असतं तर आई बोललीच असती. आईला वास येत होता. भांडी घासताना ती नाकाला पदर लावायची. पण लेक नाही म्हणतोय म्हटल्यावर तिनेही समजूत घातली, की वय झालं, आपलंच नाक गेलं. आणि पलंगावरची बाई दोघांकडे बघून गप्प राहिली. अंगात कणकण होती. आई म्हणाली, एवढं पोट फाडलंय, कणकण असायचीच. बायकोने उशाची केवड्याची कुपी उघडून चादरीला अत्तर लावलं. सारखं वास वास काय करायचं त्यांच्यासमोर.

मग तिची धाकटी बहीण बॅग घेऊन आली. दारातच थबकली.

"काय मेलंय घरात? उंदीर?"

"हळू बोल," आई म्हणाली. "तो म्हणतोय, काही नाही."

"भाऊजी म्हणतायत ते राहू दे. आई, तुम्हाला येत नाही?"

आई खुर्चीवर बसली. "येतोय गं," ती म्हणाली. "केव्हाचा येतोय."

आत पू झाला होता. पुन्हा पोट उघडलं, सलाईनच्या दोन-दोन बाटल्या लागल्या. डॉक्टरीणबाई त्याला रागावल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. रक्तात जंतू पसरलेत, एवढंच म्हणाल्या, आम्ही प्रयत्न करतोय.

संध्याकाळी तिला जरा हुशारी वाटली. तो स्टूल ओढून बसला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून."

तिने त्याच्याकडे मान वळवली. "म्हणजे तो देवदार?"

"फिनेल होतं."

तिला हसू फुटलं. टाके ओढले तशी पोटाला हात लावून थांबली. "आणि तो भावाला घेऊन आला."

"हो."

"म्हणजे मला येत होता तो खराच होता."

त्याने मान हलवली.

"मला वाटलं, मला वेड लागलंय. सांगायचं ना हो. दुकानात मी बसले असते तुमच्या शेजारी. मला येतात सगळे वास."

"घरी गेल्यावर बस," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. "गल्ल्यावर बसेन पण. आधीच सांगते."

ती घरी आली नाही.

माणसं येऊन गेली, पांगली. धाकटी बहीण त्याच्याशी एक शब्दही न बोलता बॅग घेऊन गेली. घरात आई आणि तो उरले. एका दुपारी आई सुनेची उशी छातीशी धरून त्याच्या खोलीत आली.

"हिचा अभ्रा मी धुणार नाही. अजून तिचा वास आहे. घे, बघ."

त्याने उशी तोंडाशी नेली. सवयीने डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला. आई निकालासाठी थांबली होती.

"मला येत नाही, आई."

"गेला का? सकाळी तर होता."

"वास असेल. मलाच येत नाही. हिवाळ्यापासून कसलाच येत नाही."

आईच्या डोक्यात काय काय जुळत गेलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ओरडेल असं त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती उशी त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू सांग," तो म्हणाला.

"मला कुठं जमतंय तुझ्यासारखं."

"येईल तसं सांग."

आईने उशीत तोंड खुपसलं. बऱ्याच वेळाने वर काढलं.

"केसांचं तेल आहे," ती म्हणाली. "थोडं औषध. केवडा आहे, तो तिने वरून लावलाय. आणि त्याच्या खाली... गादी उन्हात टाकली की येतो ना, तसं काहीतरी."

त्याने डोळे मिटले होते, गिऱ्हाइकं त्याचा निकाल ऐकताना मिटायची तसे.

"आणखी?" तो म्हणाला.