तोंड उघडं ठेवलेली वाकळ

मी वाकळ बोलतेय. गोधडी म्हणा हवं तर, मला राग नाही. पण मला अंगावर घेऊन झोपता यायचं नाही. माझ्यावर एका पोरीचा चेहरा शिवलाय. शाईस्ता तिचं नाव. केजच्या अल्ताफ मिस्त्रीची लेक. बापाच्या गॅरेजात जीपा दुरुस्त करते आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर पाना वाजवत रॅप म्हणते. रॅप म्हणजे गाणंच, पण आळवायचं नाही. भांडल्यासारखं, तालात, तोंडावर म्हणायचं.

मला शिवलं ताराबाईनं. गावातली निम्मी लेकरं तिच्याच वाकळीत वाढलीत. तिला चित्र काढता येत नाही. सुई चालवता येते, आणि जीभ.

एक दिवस तिची सून मोहिनी भाकरी थापता थापता मोबाईल लावून बसली होती. त्यातून शाईस्ताचा आवाज आला:

"मागं सरका, मागं सरका, पाचात सहा कोंबता,
पुढं एकटा पुढारी, त्याच्यासाठी थांबता.
भाडं त्येच, घाम त्योच, जागा कावून मागं?
आज मी बसते पुढं, येऊ दे कुनाला राग."

ताराबाईची सुई थांबली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती केजच्या बाजाराला जीपच्या मागच्या भागात, कोंबड्या आणि लोकांच्या गुडघ्यांमध्ये बसून जात होती. पुढची जागा अर्जुनरावांची. ते गावचे पुढारी. ते येईस्तोवर जीप हालायची नाही, आणि यात कुणाला वावगं वाटायचं नाही. ताराबाईलाही वाटलं नव्हतं, त्याचीच तिला आता चीड आली.

पुढच्या बाजाराला ती सरळ ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मागं बसा. पुढं अर्जुनराव येनारेत."

"त्येंला सांग, मागं बसलं तरी जीप केजलाच जाती."

अर्जुनराव मागं बसले. पण ते विसरले नाहीत.

त्याच बाजारातून ताराबाईनं नवं दाभण आणलं. मोठी माणसं मान करतात ते शाल देऊन, आणि ती शाल कपाटात जाते. ताराबाई म्हणाली, मी ह्या पोरीला वाकळीतच बसवते.

अशी मी जन्मले. चेहऱ्याला ताराबाईचं विटलेलं बदामी लुगडं. डोळ्यांना मोडक्या छत्रीचं काळं कापड. डोक्याला हिरवी ओढणी, ती मोहिनीची. हातातल्या पान्याला नातवाच्या शाळेची राखाडी चड्डी. पोटात जुनी लुगडी. आणि वरून धावदोरा, इतका बारीक की मुंगीची रांग वाटावी.

तोंड मात्र तिनं मिटलेलं शिवलं. तिनं जन्मभर बघितलेले फोटो सगळे मिटल्या तोंडाचे. लग्नातला तसा, आधार कार्डावरचा तसा, भिंतीवर हार घातलेले तर तसेच. तोंड असंच शिवायचं, असं तिला वाटलं.

बघायला आलेल्या बायांनी कौतुक केलं. गावातल्या बचत गटानं आपल्या वर्षाच्या कार्यक्रमाला गायला शाईस्तालाच बोलावलं होतं. मंडप अर्जुनरावांचा. त्यांनीही मला बघून मान हलवली आणि मंचामागं लावायचं कबूल केलं. ताराबाईला दुसरं काही नको होतं. पोरीनं गाताना मागं वळावं आणि स्वतःला बघावं, एवढंच.

पण रोज मोबाईल लावून ती माझ्याकडं बघायची आणि तिचं समाधान व्हायचं नाही. एका दुपारी उठली आणि माझे ओठ उसवले. आत लाल कापड लावलं, वर धोतराच्या पांढऱ्या तुकड्याचे दात. शेळ्या वळून आलेला नवरा, आश्रुबा, बघतच राहिला. म्हणाला, "ह्यो माझा पटका हाय. आन एका घरात दोन उघडी तोंडं न्हाई खपायची."

"मग तिसरं तुमी मिटा," ताराबाई म्हणाली. त्याला हसू आलं. पटका गेला तो गेलाच.

कार्यक्रमादिवशी अर्जुनरावांनी मला पुन्हा बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "वैनी, बाईमानसाचा आसा जबडा वासलेला बरा दिसतो का? दोन टाके घाला. लगेच लावतो मंचावर."

सुई ताराबाईच्या पदरालाच खोचलेली होती. हात तिथं गेला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. दोन टाके म्हणजे किती वेळ लागतो. मंच समोर होता, पोरगी यायच्या वाटेवर होती.

ताराबाईनं हात खाली घेतला आणि माझी घडी घातली.

मंडपात सगळ्यांत पुढं एक सोफा मांडला होता, अर्जुनरावांसाठी. ताराबाईनं मला त्याच्यावर पसरलं. पाठीला चेहरा, बसायच्या जागी हात आणि पाना. मग स्वतः खाली सतरंजीवर जाऊन बसली.

अर्जुनराव आले आणि उभेच राहिले. माणसाच्या चेहऱ्याला पाठ लावून बसायचं कसं? आमच्याकडं फोटो असलेला कागदसुद्धा कुणी बुडाखाली घेत नाही. "हे उचला," ते म्हणाले.

"बसा की. कुनी न्हाई म्हनलं? तिच्या तोंडावर बसायचं आसलं तर बसा."

सगळ्या बाया बघत होत्या. अर्जुनराव मागं जाऊन खुर्चीवर बसले.

शाईस्ता मंचावर आली, डबा मांडला, पाना उचलला. समोर बघते तर पहिल्या जागेवर ती स्वतः, तोंड उघडं, हातात पाना. तिनं पाना डब्यावर दणकन हाणला. मग जे सुटली ते काय सांगू. मी कापूस नाही, लोकर नाही, जुनी लुगडी. पण माझ्या पोटातलं एकेक लुगडं हललं. जन्मात मान वर न केलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यावर ताल धरत होत्या. ती पोरगी ओरडत नव्हती. तिला फक्त हळू बोलायचं कुणी शिकवलं नव्हतं.

कार्यक्रम झाल्यावर ती माझ्यापाशी आली. ताराबाईनं माझा एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता. वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये म्हणून शेवटी भाकरीचा घास घालतात, मग टाके. तो घास शाईस्तानं घातला, तेलानं काळ्या झालेल्या बोटांनी. ताराबाईला मावशी मानून म्हणाली, "खाला, तुमी माझं तोंड लई मोठं केलंय."

"हाय तेवढंच केलंय," ताराबाई म्हणाली आणि कोपरा शिवून मला तिच्या हाती दिलं.

आता मी अल्ताफ मिस्त्रीच्या गॅरेजात टांगलेली असते. गालावर ऑईलचा डाग पडलाय. पटक्याचा लाल रंग उतरायला लागलाय. दुरुस्तीला आलेले जीपवाले माझ्यासमोर बसून चहा पितात आणि बघायचं टाळतात. आज ना उद्या मी विरणार, फाटणार. त्याचं दुःख नाही, वाकळीला ठिगळाची लाज नसते.

एकच मागणं आहे. ठिगळ कुठंही लावा. तोंडावर लावू नका.