दसऱ्याचा बार

मित्रांनो, मला पाहून घाबरू नका. मी एक जुनं दुनळी पिस्तूल आहे आणि माझ्यापासून आता मुंगीलाही धोका नाही. अंगानं मी इतका लहान आहे की मोठ्या माणसाच्या मुठीत सहज मावतो. मूठ शिसवी आहे आणि नळ्यांवर बारीक वेलबुट्टी कोरलेली आहे. ती वेलबुट्टी अजून शाबूत आहे, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण माझं कौतुक करण्यासारखं आता तेवढंच उरलं आहे.

माझा जन्म सातासमुद्रापार बेल्जियममधल्या एका कारखान्यात झाला. आमची जात इतर पिस्तुलांपेक्षा वेगळी. बाकीच्यांचा घोडा काडतुसाच्या मधोमध आपटतो, आमचा घोडा काडतुसाच्या कडेवर ठोका देतो. पेट घेणारा मसाला त्या पातळ कडेतच भरलेला असतो. असं काडतूस एकदा उडालं की ते पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे कारखान्यांनी ही काडतुसं करणं बंद केलं की आम्ही फक्त दिसायला उरतो.

एका गोऱ्या साहेबाच्या खिशातून मी हिंदुस्थानात आलो. साहेब वारला आणि मी हैदराबादच्या बाजारात पोचलो. तिथून नागप्पा नावाच्या जुन्या वस्तूंच्या फिरत्या व्यापाऱ्यानं मला कळंबला आणलं. तेव्हा कळंब निजामाच्या राज्यात होतं. आमच्याकडे त्या मुलखाला मोगलाई म्हणत. कळंबच्या बाजारात शंकरप्पांची धान्याची आडत होती. त्यांनी मला तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं.

"नागप्पा, हे खेळणं हाय का हत्यार?"

"उडवून बघा की अप्पा. मग बोला."

दोन पोती ज्वारीला मी शंकरप्पांचा झालो. सौदा स्वस्तात झाला, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं.

कळंबची एक रीत होती. दसऱ्याच्या दिवशी दुपारी सगळं गाव वेशीबाहेरच्या शमीपाशी जायचं. शमीची पूजा व्हायची, हत्यार वर करून बार काढायचा, आणि तो बार झाल्यावरच लोक आपट्याची पानं लुटायचे. बाराचा मान एका जुन्या घराण्यातल्या ठासणीच्या बंदुकीचा होता. एका वर्षी ती बंदूक फुटली. लोक एकमेकांकडे बघत उभे राहिले, तेव्हा शंकरप्पा पुढे झाले आणि त्यांनी मला वर धरलं. मी दोन्ही नळ्यांनी कडाडलो. शमीवरचे कावळे उडाले, पोरं नाचली, आणि गावानं पहिलं सोनं शंकरप्पांच्या हातात ठेवलं. खरं सांगतो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. शंकरप्पांना तर त्याहून बरं वाटलं. एरवी आडत्याला कोण विचारतं? त्या दिवसापासून मात्र दसऱ्याला सगळं गाव त्यांच्या हाताकडे डोळे लावून उभं राहू लागलं.

त्यातून त्यांना आमच्या जातीचा नाद लागला. कडेवर ठोका देणारं कुठलंही लहान पिस्तूल दिसलं की ते त्यांना हवंच असायचं. नागप्पानं हे ओळखलं आणि तो भाव वाढवू लागला. माझ्यानंतरच्या पिस्तुलाला एक बैलजोडी गेली. मग मोठी लढाई सुरू झाली आणि विलायतेहून माल येणं थांबलं. आमची काडतुसं मिळेनाशी झाली. अशा वेळी आमची किंमत उतरायला हवी होती, पण झालं उलटंच. हैदराबादचे शौकीन आम्हाला दुर्मीळ म्हणू लागले आणि भाव चढतच गेला. हस्तिदंती मुठीचं एक पिस्तूल आलं, तेव्हा शंकरप्पांच्या पत्नी इरम्माबाई यांच्या हातातले सोन्याचे गोठ गेले.

"गोठ बी गेलं," इरम्माबाई म्हणाल्या. "आता पुढच्या पिस्तुलाला काय देणार हाव? घरात मानसंच ऱ्हायल्यात."

शंकरप्पा हसले. मला मात्र ते बोलणं ऐकून कसंतरीच झालं.

माझ्यासोबत तांब्याच्या काडतुसांची एक पेटी आली होती. शंकरप्पा तिला जिवापाड जपत. खंडेनवमीला घरात देवाची भांडी चिंचेच्या पाण्यात घालून लख्ख करत. हत्यारांची पूजाही त्याच दिवशी, म्हणून शंकरप्पा दरवर्षी काडतुसंही चिंचेच्या पाण्यात भिजत घालत आणि स्वतःच्या हातानं घासत. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पाटावर मांडलेली काडतुसं नव्या पैशासारखी चमकत. ते पाणी हळूहळू आत झिरपत होतं. मला ते कळत होतं, पण पिस्तुलाला तोंड एकाच कामासाठी असतं.

एका नवमीला त्यांनी मळ्यात जाऊन मला तपासून पाहिलं. टक्. पुन्हा टक्. त्यांनी काडतूस फिरवून कडेच्या दुसऱ्या जागी ठोका दिला, काडतुसं बदलून पाहिली. एकही उडालं नाही. त्याच दिवशी त्यांनी गावाला सांगितलं असतं, तर चार लोक हळहळले असते आणि विषय संपला असता. पण मान सोडवेना. त्यांनी आडतीवरच्या जुन्या हमालाला, धोंडीबाला, बाजूला घेतलं.

"शमीच्या पारामागं उखळी घेऊन बस. म्या पिस्तूल वर केलं की वात पेटव. कुनाला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत, मालक," धोंडीबा म्हणाला.

उखळी म्हणजे दारू ठासून उडवायचं लोखंडी भांडं. तिचा आवाज माझ्या खऱ्या आवाजापेक्षा मोठा होता, आणि लोकांनी माझं जास्तच कौतुक केलं. तेव्हापासून दर दसऱ्याला हेच चाललं. सगळ्यात पुढे उभा राहून टाळ्या वाजवायचा तो महांतप्पा, इरम्माबाईंचा पाठचा भाऊ. तो सास्तूरहून दर दसऱ्याला बहिणीकडे यायचा. "दाजी, पिस्तूल न्हाय, तोफ हाय तुमची!" म्हणायचा आणि मला कपाळाला लावायचा.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. देश स्वतंत्र झाला, मोगलाई झाली नाही. रझाकारांचे दिवस होते. लोक बाजारातसुद्धा हळू आवाजात बोलू लागले. हत्यारं चौकीत जमा करा, अशी दवंडी पिटली गेली. शंकरप्पांनी आमचा सगळा गोतावळा जमा केला, हस्तिदंती मुठीचं पिस्तूलसुद्धा. मला एकट्याला त्यांनी तुरीच्या पोत्यात दडवलं. त्या दसऱ्याला शमीकडे कुणी गेलं नाही. बार झालाच नाही.

त्याच दुपारी महांतप्पा आला. त्यानं घर सोडलं होतं. बार्शीकडे, हद्दीपलीकडे मोगलाईविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा तळ होता, तिथं तो राहत होता. बहिणीच्या हातची पुरणपोळी खाऊन झाल्यावर तो म्हणाला,

"दाजी, दुनळी हाय न्हवं अजून? तेवढी मला द्या. आमच्यात दोघांमागं एक बंदूक हाय."

"लई जुनी हाय ती," शंकरप्पा म्हणाले.

"असू द्या की. म्या डोळ्यानं बघितलंय. शमीवरचं एक पाखरू जाग्यावर ऱ्हात न्हाय."

धोंडीबा दारात पोती लावत होता. त्याचे हात थांबले. त्यानं मालकाकडे पाहिलं. मालक जमिनीकडे पाहत राहिले. मी पोत्यात पडल्या पडल्या वाट बघत होतो, की आता बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे मेव्हण्यापुढे, बायकोपुढे इतक्या वर्षांचं सोंग उघडं करायचं.

शंकरप्पा उठले. त्यांनी मला पोत्यातून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि उरलेली चकचकीत काडतुसं महांतप्पाच्या ओंजळीत घातली. "मोजकीच हायेत, जपून वापर," एवढंच म्हणाले.

इरम्माबाईंनी भावाला विभूती लावली. गेले कित्येक दिवस त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, ते तेव्हा दिसलं. "आता मला काळजी न्हाय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ रिकाम्या हातानं चालला न्हाय."

मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगतो. काडतुसं मोजकी म्हणून महांतप्पानं एकही वाया घालवलं नाही. मला उडवून पाहिलं नाही. रोज मात्र तो मला तेल लावायचा. उन्हाळ्यात एकदा तो आणि त्याचा सोबती रामकिसन भर दुपारी एका ओढ्याकाठानं निघाले होते. समोरून रझाकारांचे चार बंदूकवाले आले, तसे दोघे बांधाआड दबले.

"पळ, महांतप्पा!" रामकिसन ओरडला.

"तू हो म्होरं. म्या थोपवतो. माझ्यापाशी दुनळी हाय!"

तो बांधाआडून उठला. त्यानं मला नीट धरलं, पुढच्या माणसावर नेम घेतला आणि चाप ओढला. टक्. दुसरा चाप. टक्. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. हे असं कसं झालं, एवढंच त्याला कळत नव्हतं. मग समोरून बार झाला.

रामकिसन थोडंच पुढे झुडपात दबला होता, त्यानं ते दोन्ही आवाज ऐकले. ते चौघे गेल्यावर त्यानं गवतात पडलेल्या मला उचललं आणि कळंबला आणून दिलं. "गोळी ओली झाली असंल, अक्का," तो इरम्माबाईंना म्हणाला. "त्याचा हात न्हाय हालला." इरम्माबाईंनी कपाळ बडवून घेतलं, नशिबाला शिव्या दिल्या. शंकरप्पांनी मला भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. त्या दिवसानंतर ते माझ्याकडे सरळ पाहत नसत.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मोगलाई संपली. गावात गुलाल उधळला गेला. महिनाही झाला नसेल, तोच नागप्पा दारात हजर. त्यानं मला पाहिलं, माझ्यावरून बोट फिरवलं आणि भाव सांगितला. तेवढ्यात एक मळा आला असता. "अप्पा, आता ही नुसती दुनळी न्हाय. हुतात्म्याच्या हातातली दुनळी हाय. भाव चढनारच की," तो म्हणाला. शंकरप्पांनी त्याला घराबाहेर काढलं.

गावानं ठरवलं की यंदाचा बार महांतप्पाच्या पिस्तुलाचाच व्हायचा. सगळ्यात जास्त हौस इरम्माबाईंना होती. त्यांनी मला कुंकू लावलं, फूल वाहिलं. शंकरप्पांनी धोंडीबाला हाक मारली.

"मालक, अवंदा माझा हात चालायचा न्हाय," धोंडीबा म्हणाला.

"गाव जमलंय, धोंडीबा."

"म्हनूनच सांगालो."

उखळी घेऊन तो पारामागे गेला खरा. शंकरप्पांना वाटलं, ऐन वेळी पेटवेल.

शमीपुढे इतकी गर्दी मी कधीच पाहिली नव्हती. शंकरप्पांनी मला वर धरलं. त्यांचा घाम माझ्या मुठीवर उतरला. टक्. लोक वाट पाहत राहिले. टक्. कावळा उडाला नाही. मागून कुणीतरी खोकलं. मग धोंडीबा पारामागून उठला आणि त्यानं गच्च भरलेली, न पेटवलेली उखळी सगळ्यांसमोर पारावर ठेवली.

इरम्माबाईंनी उखळीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

"रामकिसन," बारासाठी आलेल्या त्याच्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "ओढ्यावर ह्योच आवाज झाला व्हता का रं?"

रामकिसननं मान खाली घातली. "व्हय, अक्का. ह्योच. दोनदा."

त्या दिवशी कुणी कुणाला सोनं दिलं नाही. इरम्माबाई तिथूनच माहेरच्या, सास्तूरच्या वाटेला लागल्या. शंकरप्पा हाका मारत वेशीपर्यंत गेले, पण इरम्माबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. नागप्पाचे निरोप अजून येतात. दर निरोपाला भाव वाढलेला असतो.

मित्रांनो, जुनी हत्यारं जपा असं सांगायला मी आज बोललो नाही. मला तेल नको, मखमलीची पेटीही नको. तुमच्या शब्दाच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडत असेल, तर तो उंबरा ओलांडायच्या आत त्याला खरं काय ते सांगा. मी बंद पडलो आहे हे महांतप्पाला ठाऊक असतं, तर तो बांधाआडून उठला नसता. रामकिसनबरोबर पळाला असता. आणि रामकिसन सांगतो, पळण्यात त्याला कुणी गाठू शकत नव्हतं.