निर्झर सोसायटीचं उन्हाळी भात

शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचवणं हे शासनाचं पवित्र कर्तव्य असतं आणि शासन ते पार पाडतंच. गोटीरामच्या बांधापर्यंत ते पोहोचलं तेव्हा बांधाच्या जागी चार मजल्यांची निर्झर सोसायटी उभी होती आणि गोटीराम तिच्या फाटकावर वॉचमन होता.

अर्ज सत्तर सालचा. बेलापूरच्या डोंगराखाली ओढ्यावर बंधारा घालायचा आणि अकरा शेतकऱ्यांना उन्हाळी भातासाठी पाणी द्यायचं, अशी योजना होती. मधल्या काळात नवं शहर आलं, शेतं संपादनात गेली. पण ती दुसऱ्या खात्याची भानगड. या खात्याला कुणी कळवलं नाही. शहाण्णवच्या जानेवारीत बंधारा पुरा झाला, पाइप टाकून झाला, आणि अंकुश नावाचा, मराठवाड्यातून बदलून आलेला कालवा निरीक्षक यादी घेऊन लाभार्थी शोधत निघाला. अकरांतले सात वारले होते. तिघांच्या शेतांवरून रस्ता गेला होता. हयात आणि आपल्या शेतात हजर असा एकटा गोटीराम सापडला.

सोसायटीचे सेक्रेटरी मुस्तफा मुकादम यांचं टाइल्सचं दुकान होतं आणि अंगात व्यवहार होता. निर्झरमध्ये नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं, बाकी भिस्त टँकरवर. सरकारी पाइप फाटकापर्यंत आलाय म्हटल्यावर मुकादमांनी निरीक्षकाला चहा पाजला. अंकुशने चहा घेतला आणि नियम सांगितला.

"पाणी पिकाला देता येतंय साहेब, माणसाला नाही. माणसाचं खातं वेगळं हाय. उभं पीक दाखवा, पाणी घ्या."

मुकादमांनी सर्वसाधारण सभा बोलावली आणि बागेसाठी सोडलेल्या अडीच गुंठ्यांत भात लावायचं ठरवून टाकलं. चौथ्या मजल्यावरच्या खुर्शीद आपांनी घसरगुंडीचं काय करणार असं विचारलं. घसरगुंडी गच्चीवर गेली. बेत साधा होता. पाइपाला दोन तोंडं करायची, एक भाताकडे, दुसरं सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीकडे. साहेब लोक असेपर्यंत पाणी भाताला, त्यांची पाठ वळली की व्हॉल्व फिरवायचा. व्हॉल्व फिरवायचं काम गोटीरामकडे. टाकी भरली की पंपाशेजारची खोली त्याची, हेही ठरलं.

खोलीसाठी गोटीराम व्हॉल्वच काय, डोंगरही फिरवायला तयार होता. सहा वर्षं तो आणि त्याची बायको राजाबाई करावे गावात तिच्या भावाच्या पडवीत राहत होती. भावजय रोज कुत्र्याला उद्देशून राजाबाईला बोलत असे, आणि कुत्रं तिथून उठून जात असे.

राजाबाईनेच रोप आणलं आणि लावणी केली. खात्याचा पाणी सोडण्याचा कार्यक्रम मार्चअखेरीला होता, म्हणून पाणी मिळवण्यासाठी लावलेलं भात पहिले दोन महिने टँकरच्या पाण्यावर वाढलं. सभासद कुरकुरले. मुकादमांनी त्यांना समजावलं की ही गुंतवणूक आहे.

अठ्ठावीस मार्चला पाणी सुटलं. नारळ फुटला, फोटो निघाले. साहेबांना जागा इतकी आवडली की ते संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून बसले आणि त्या दिवशीच्या पाण्याची सगळी पाळी भाताने प्यायली. मुकादमांनी मनावर घेतलं नाही. दुसरी पाळी आठ एप्रिलला, पहाटेपासून दुपारपर्यंत होती आणि त्या दिवशी साहेब येणार नव्हते. मुकादमांनी नऊ तारखेपासून टँकर बंद केल्याची नोटीस जिन्यात लावली आणि आदल्या दिवशी दुकानाच्या सामानासाठी उरणला गेले.

आठ तारखेच्या पहाटे गोटीराम व्हॉल्वपाशी गेला. आधी त्याने सवयीने पिकात हात घातला. भात पोटरीला आलं होतं, कणीस पानात दाटून बसलेलं. खाली भरावाची माती, तिच्याखाली खाडीचं खारं. आता पाणी तुटलं तर खार वर येणार आणि दाणा पोचट राहणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जवळ उभ्या असलेल्या राजाबाईलाही नव्हती. ती खोलीच्या दाराकडे बघत होती. मग तिने लुगडं खोचलं आणि बांधाला एक भोक पडलं होतं ते चिखलाने बुजवायला बसली. गोटीरामने व्हॉल्वला हात लावला नाही.

दुपारी मुकादम उरणहून परतले तेव्हा पाळी संपली होती. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत एक बादली पाणी आणि एक बेडूक होता.

"गोटीराम, हे काय केलंस?"

"पोटरीला आलाय शेट. आज पानी तोरला असता तं समदा पोचट गेला असता."

"अरे बाबा, ते भात दाखवायचं होतं. पिकवायचं नव्हतं."

गोटीरामने थोडा विचार केला.

"मंग लावायचा नव्हता," तो म्हणाला.

मुकादम पुष्कळ बोलले. त्यातलं बरंचसं रास्त होतं, असं गोटीरामलाही वाटलं. खुर्शीद आपा वरून मोकळ्या हंड्यांसह उतरल्या, त्यांनी भात पाहिलं, मुकादमांना पाहिलं आणि हंडे घेऊन परत वर गेल्या. जिन्यातली नोटीस संध्याकाळी काढली गेली. तिसऱ्या पाळीला व्हॉल्वपाशी स्वतः मुकादम बसणार होते. पण बंधाऱ्यात उरला होता तो गाळ, आणि गाळ काढण्याची तरतूद योजनेत नव्हती.

मेमध्ये भात कापलं. दाणा भरलेला होता. मुकादमांनी तो सोसायटीच्या मालकीचा असल्याचं सांगितलं आणि सोळा घरांत वाटला. घरटी दीड शेर आला. पंपाशेजारची खोली नव्या वॉचमनला मिळाली. गोटीराम करावेला पडवीतच राहिला आणि खाडीवर मेव्हण्याबरोबर जाळं ओढायला जाऊ लागला.

खात्याच्या त्या वर्षीच्या अहवालात हयात लाभार्थी एक, सिंचित क्षेत्र अडीच गुंठे आणि उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के अशी नोंद आहे.