डुलणारा डबा

तिने रिकामा डबा ओट्यावर ठेवला, तर तो डुलला.

बोटाने तिने त्याला थांबवले. बोट काढताच डबा पुन्हा एका अंगाला कलला आणि ओट्याच्या दगडावर हलकेच वाजला. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करताना तो कागदाच्या बोळ्याखाली सापडला होता. ट्यूनाचा डबा. आतले तेल पुसून टाकावे, नाहीतर मुंग्या लागतील, म्हणून तिने तो उचलला होता. आता तिने तो उलटा करून पाहिला. तळ सपाट नव्हता. फुगवलेल्या गालासारखा बाहेर आला होता.

हातातले फडके तिने खाली ठेवले.

तिच्या वडिलांनी आयुष्यभर मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात, झाकणे बसवणाऱ्या यंत्रावर काम केले होते. तिला अक्षरे शिकवायच्या आधी त्यांनी डबे शिकवले. बाजूला बारीकसा पोचा असेल तर बहुधा चालते, गंज असेल तर नको, आणि फुगलेला डबा कुत्र्यालाही घालायचा नाही. ओळखायचे कसे? सपाट जागेवर ठेवायचा. बसला तर आपला, डुलला तर परका. फुगलेल्या डब्यातले विष नाकाला कळेलच असे नाही, जिभेलाही नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. तेव्हा तिला ते गोष्टीतल्या राक्षसासारखे वाटायचे. खरे, पण दूर कुठेतरी राहणारे.

आणि हा डबा काल दुपारचा होता. सुटी असल्याने मुले घरी होती, ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामावर होती आणि स्वयंपाकघर वडिलांच्या ताब्यात होते. "गॅसला हात लावायचा नाही," असे तिने बजावले होते, म्हणून वडिलांनी नातवंडांसाठी 'बिनचुलीच्या स्वयंपाकाची शाळा' काढली होती. त्यात ट्यूना हा मुख्य विषय. ती काहीशी नाराजच होती. "बाबा, एक जरी भानगड झाली ना, तर मी दोघांना पाळणाघरात घालीन," असे ती मागच्याच आठवड्यात म्हणाली होती. वडील लिंबाच्या बिया वेचत राहिले होते.

"टिकली," तिने हाक मारली. "काल दुपारी काय काय केलंत ग खायला?"

चौथीतली टिकली पुस्तक छातीशी धरून आली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ ढब्बू आला, कारण जिथे खाण्याचे नाव निघे तिथे तो असेच.

"ट्यूना! माझा कांदा-लिंबू घालून, भाजक्या पावावर. आजोबा म्हणाले, कांदा इतका बारीक हवा की त्याचा त्यालाच ओळखू येऊ नये."

"माझा दह्यात," ढब्बू म्हणाला. "काकडी घालून. आणि वर वेफर चुरून."

"शी! वेफर लगेच मऊ पडतात."

"तूच मऊ पडतेस!"

"किती खाल्लंत?" आईने विचारले.

"सगळं. ह्याने तर वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आजोबा म्हणाले, आता घासायचं काम नाही, तशीच मांडणीवर ठेवा."

दोघेही हसले. मुले हसत असताना तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. मग फोन घेऊन ती खिडकीशी गेली आणि पाठ फिरवून तिने रुग्णालयाचा नंबर लावला.

पलीकडच्या डॉक्टरीणबाई तरुण असाव्यात, पण घाई करत नव्हत्या. डबा कसा दिसतो ते त्यांनी नीट ऐकून घेतले.

"डोळ्यांपासून सुरू होतं," त्या म्हणाल्या. "पापणी जड होते. एकाचे दोन दिसतात. मग जीभ जड होते, गिळता येत नाही. ताप येत नाही, म्हणून लोक अंगावर काढतात. औषध आहे, पण ते वेळेवर मिळायला हवं. मुलं समोर आहेत ना? आधी बघा. मी फोन धरून थांबते."

दुकानात दिवसभर ती लोकांना पाटीवरची अक्षरे वाचायला लावत असे. कोणाला किती कमी दिसते हे वाचायच्या आधीच, मान कलण्यावरून तिला कळायचे. आज मात्र तिला काहीच कळेना. तिने दोघांना खिडकीशी उभे केले.

"चला, दुकान-दुकान खेळू. समोरची पाटी वाच, टिकली."

"सायकल दुरुस्ती व पंक्चर. खाली फोन नंबर. वाचू?"

"नको. शाब्बास. ढब्बू, तू सांग, दुकानासमोर सायकली किती?"

ढब्बूने खिडकीच्या गजाला नाक लावले.

"चार."

तिने पाहिले. तीन होत्या. एक लाल, एक दुधाच्या किटल्या लावलेली, एक बिनसीटची. तिने पुन्हा मोजल्या.

"नीट बघ, राजा. किती?"

"चारच. ती बघ ना, आत दारामागे. नुसतं चाक दिसतंय."

ती वाकली, ढब्बूच्या डोक्याच्या उंचीवर आली. दाराआडून खरेच एका चाकाची कड दिसत होती. तिने त्याच्या केसांत तोंड लपवले आणि तशीच राहिली.

"आई, मी जिंकलो का?"

"जिंकलास."

"मला काही नाही?" टिकली म्हणाली. "मी एवढं जोडाक्षर वाचलं!"

"तुम्ही दोघं बूट घाला. आपण जरा बाहेर जाऊन येऊ." मग एकदम आठवून तिने विचारले, "टिकली, काल एकाच डब्यातलं तुम्ही दोघांनी खाल्लं?"

"हो, अर्धं-अर्धं. मापाने. नाहीतर हा रडतो."

"कुठला डबा? हा?"

टिकलीने ओट्यावरच्या डब्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

"आमचा तर धुऊन घेतला. त्यात धणे पेरलेत."

ढब्बू पळत जाऊन न्हाणीघराच्या खिडकीतून तो घेऊन आला. दोन्ही हातांनी, माती सांडू न देता. तिने त्याच्या हातून घेऊन तो ओट्यावर ठेवला. डबा बसला. तिने कडेला बोट लावून दाबले, दुसऱ्या कडेला दाबले. तसूभर हलला नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. ती मोठ्याने हसली, इतकी की टिकलीने भावाकडे पाहून खांदे उडवले. मोडाचे टोकही न आलेल्या त्या मातीवरून तिने उगीचच हात फिरवला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "मुलं कशी आहेत?"

"ठीक आहेत. अगदी ठीक आहेत हो. त्यांचा डबा वेगळाच होता."

"छान. मग तो दुसरा कोणी खाल्ला?"

ती हसायची थांबली.

"आजोबांनी," टिकलीच म्हणाली. फोनमधले तिला ऐकू गेले होते. "त्यांना डब्यातला डब्यातच आवडतो ना. खिडकीशी उभं राहून, काट्याने. मी एक घास मागितला तर दिला नाही. म्हणाले, हा जरा आंबूस लागतोय, तुला नको."

"आणि तरी खाल्ला?"

"म्हणाले, अन्न टाकवत नाही."

"त्यांनी तो टेबलावर ठेवून बघितला नाही?"

"ते डबा मांडीत धरून उघडतात, आई. गुडघ्यांत दाबून. त्यांच्या बोटांत जोर कुठेय? तुला माहीत नाही?"

तिला माहीत नव्हते. डबा उघडताना ते नेहमी पाठमोरे बसत.

आतल्या खोलीचे दार ओढलेले होते. वडील सकाळपासून पडून होते. उकडतंय, झोप झाली नाही, असे काहीतरी म्हणाले होते, आणि डोळ्यांवर टॉवेल टाकला होता. तिने उशाशी चहा ठेवला होता. तो प्यायला की नाही, हे तिने पाहिले नव्हते.

ती दाराकडे निघाली, तेवढ्यात ते आतून उघडले. भिंतीला हात लावून वडील उभे होते. एक डोळा त्यांनी मिटून घेतला होता, उन्हात मिटावा तसा. पण खोलीत ऊन नव्हते.

"कसला गोंधळ चाललाय रे?" त्यांनी विचारले. शब्द तोंडात भिजून आल्यासारखे येत होते.

"आजोबा, आपण चष्म्याचं दुकान खेळतोय," ढब्बू म्हणाला. "आता तुमचा नंबर! समोरची पाटी वाचा."

वडिलांनी मिटलेला डोळा उघडला. त्याची पापणी अर्ध्यावरच राहिली. खिडकीबाहेर पाहत त्यांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. समोर सायकलवाल्याची एकुलती एक पाटी होती.

"कुठली वाचू?" ते म्हणाले. "ही की तिच्या शेजारची?"

ढब्बू खो-खो हसला. टिकली हसली नाही. तिने आईकडे पाहिले.

"आम्ही निघतोय," आई फोनमध्ये म्हणाली. "माझ्या वडिलांनी खाल्लाय, वय जास्त आहे. डोळ्यांपासून सुरू झालंय."

त्यानंतर तिने जे केले ते एकेक करून, न धावता केले. डुलणारा डबा पिशवीत बांधून घेतला. शेजारच्या काकूंचे दार वाजवले. रिक्षाला फोन केला. वडिलांना खुर्चीवर बसवून पायांत चपला सरकवल्या. अंगठा पट्ट्यात जात नव्हता, तिने तो धरून बसवला.

वडील खाली तिच्या डोक्याकडे बघत होते.

"मुलांना त्यातलं दिलं नाही मी," ते म्हणाले. "एक घासही नाही."

"माहीत आहे, बाबा."

"मला वाटलं, माझीच जीभ बिघडली. हल्ली सगळंच आंबूस लागतं." ते थांबले. गिळायचा प्रयत्न केल्यासारखी हनुवटी हलली. "पाळणाघरात नको घालूस त्यांना. मी टेबलावर ठेवून बघेन. दरवेळी बघेन. टिकलीला बघायला लावेन."

"बोलू नका आता. दमाल."

"आधी सांग."

तिने चपलेचा पट्टा ओढला.

"आई," दारातून टिकली म्हणाली, "उद्या आजोबा मला ट्यूना बटाट्यात कालवून टिक्क्या करायला शिकवणार आहेत. उकडायचं तेवढं तू करून देशील?"

काकूंनी टिकलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत ओढले.

"देईन," ती म्हणाली. हे वडिलांनी ऐकले असावे, कारण त्यांनी तिचा हात दाबला. बोटांत खरेच जोर नव्हता.

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. जिन्याच्या तोंडाशी ते थबकले. खाली रिक्षाने भोंगा वाजवला.

"दोन जिने आहेत ग," ते अगदी हळू म्हणाले. "खरा कुठला?"

"मी उभी आहे तो."

त्यांनी पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. कुठे ठेवायचा, हे ती सांगेल म्हणून.