पागोळ्या धरा

हे सगळं अक्षरन् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी भर जेवणात ताटात पडू दे, आणि ते ताटही शेजारणीचं असू दे. कुणाला शंका असेल त्याने आत्ताच उठून जावं, मध्येच "असं कसं होईल, आजी" म्हणून माझी लय मोडू नये.

तर डोंगराच्या पार माथ्यावर एकोणीस घरांची वस्ती होती. तिथे ना विहीर, ना झरा. नदी होती, पण ती इतकी खाली की वरून हाक मारली तर ओ दुसऱ्या दिवशी यायची. तिथला पाऊस हिवाळ्यातला. छपरावर जे पडेल ते पन्हळीत यायचं, म्हणजे छपराच्या कडेला टांगलेल्या पत्र्याच्या लांब, उघड्या नळीत, आणि तिथून घराशेजारच्या दगडी टाकीत उतरायचं. तेच पाणी वर्षभर पुरवून पुरवून प्यायचं.

आणि सलग तिसरा हिवाळा कोरडा चालला होता. हवा इतकी सुकलेली की धुतलेला सदरा पिळायच्या आधीच वाळायचा. शाळेतल्या बाई फळा पुसायला ओलं फडकं घ्यायच्या, ते बंद झालं. त्या फळ्याकडे नुसतं डोळे वटारून बघायच्या आणि खडू आपोआप गळून पडायचा.

या वस्तीत एक पत्रेवाला होता. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. विचारात पडला की समोर असेल त्यावर लाकडी हातोडी ठोकत बसायची त्याला सवय. एकदा फार खोल विचारात शिरला आणि स्वतःचा गुडघा ठोकून घेतला. पण काम म्हणाल तर पक्कं. त्याने जोडलेला पत्रा गळला असं कुणी म्हणून दाखवावं.

दुसऱ्या कोरड्या हिवाळ्यात लोकांनी शेळ्यांच्या लाकडी गव्हाणी चुलीत घातल्या. मग वैरण जमिनीवर पडायची आणि निम्मी पायदळी जायची. तेव्हा ठोक्याने हातोडी ठोकत ठोकत एक युक्ती काढली. छपरांवर पन्हळी नुसत्या लोंबताहेत, पाऊस तर येत नाही, मग त्याच उतरवू, दोन्ही तोंडं पत्र्याने बंद करू आणि शेळ्यांपुढे ठेवू. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आठवड्याभरात अठरा घरांच्या पन्हळी अंगणात आल्या.

एकोणिसावं घर आत्याचं. ठोक्याच्या बापाची थोरली बहीण. आईबाप लवकर गेल्यावर हिनेच ठोक्याला वाढवलेलं, आणि वाढवताना कान असा पिळलेला की उजवा अजून डाव्यापेक्षा लांब आहे. तो शिडी घेऊन तिच्या दारात गेला, तर ती शिडीलाच टेकून उभी राहिली. माझ्या भावाने लावलेली पन्हळ आहे, म्हणाली, पाऊस आला की लागेल. ठोक्या वैतागला. उन्हात उभा, घसा कोरडा, तोंडून निघून गेलं.

"आत्या, पाऊस मेला. आता त्याची वाट बघणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं."

त्या दिवसापासून आत्याचं त्याच्याशी बोलणं बंद. म्हणजे बोलायची, पण शेळीमार्फत. ठोक्याची एक ढवळी शेळी होती, तिला तिच्या नखऱ्यांमुळे बाईसाहेब म्हणत. दोन घरांमध्ये फक्त एक कुडाची भिंत. आत्या खिडकीत बसायची आणि ठोक्याला ऐकू जाईल अशा बेताने शेळीला सांगायची, "बाईसाहेब, त्या शहाण्याला म्हणावं, सदऱ्याचं बटण तुटलंय." बाईसाहेब रवंथ करायच्या. ठोक्या मुकाट्याने बटण लावायचा. असे चौदा महिने गेले.

तिसरा हिवाळाही अर्धा सरला तेव्हा, टाक्या आटल्यापासून खालून पाण्याचा ट्रक आणणारा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. खालच्या कचेरीने ठरवलं होतं की आता घाट चढून पाणी आणणं परवडणारं नाही. शुक्रवारी तो शेवटचा येईल, रिकामा येईल आणि सगळ्यांना सामानासकट खाली घेऊन जाईल. ज्यांच्या टाकीत कमरेइतकं पाणी असेल त्यांनी खुशाल राहावं, असंही कागदावर लिहिलं होतं. ते वाचून बाई हसल्या आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. आत्याने नाही. ती शेळीला म्हणाली की मी इथून हलणार नाही, ज्याला जायचं त्याने जावं, जाताना दार तेवढं ओढून घ्यावं. ठोक्याने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. तिला उचलून न्यावं तर ती ट्रकमधून उडी मारेल, एवढी तो तिला ओळखून होता. ठेवून जावं तर ती काय पिऊन राहणार. बायको म्हणाली, अहो, जाऊन पाया पडा, माफी मागा. तो म्हणाला, माफी मागून पाणी येतं का.

बुधवारी दुपारी तो घराला लागून असलेल्या आपल्या दुकानात हत्यारं पेटीत भरत होता. पत्रा कापायची कात्री, हातोड्या, बापाची जुनी पकड. तेवढ्यात छपरावर टप्प झालं. मग परत टप्प, टप्प. आत्या कधीकधी त्याला चिडवायला छपरावर खडे टाकायची. आज गप्प बसायचं नाही असं ठरवून तो कात्री घेऊनच बाहेर आला, वर बघून तोंड उघडलं, आणि एक थेंब नेमका त्याच्या जिभेवर पडला.

तो तिथेच उभा राहिला. समोरच्या कड्यावरून पावसाची करडी भिंत वस्तीकडे सरकत येत होती. थंडगार वारा सुटला होता आणि मातीचा असा वास उठला होता की म्हाताऱ्या कुत्र्यालाही शिंका आल्या. मग सरच आली. अठरा छपरांवरून पाणी ओघळू लागलं, कडेवरून खाली पडू लागलं, गल्लीत आलं आणि उताराने दरीकडे निघालं. टाक्या जागच्या जागी कोरड्या, आ वासून बसलेल्या.

तेव्हा कुठे ठोक्याच्या डोक्यात उजेड पडला की आपण काय करून ठेवलंय.

तो गल्लीतून धावत सुटला आणि घसा फाडून ओरडत गेला, "पन्हळी, पन्हळी घ्या, पन्हळी."

लोकांनी ऐकलं. दारं उघडली, माणसं डोक्यावर गोणपाट घेऊन बाहेर आली, आणि ज्याने त्याने आपली पन्हळ उचलून घरात नेली. वैरणीसकट. चौदा महिने पन्हळ म्हणजे शेळीची गव्हाण, दुसरं काही नाही. शेवटची वैरण भिजू नये म्हणून हा बिचारा सांगतोय, असं सगळ्यांना वाटलं. सुताराने तर दारातून हात जोडून त्याचे आभार मानले. ठोक्या गल्लीच्या टोकाला पोचून मागे वळला, तर सगळी अंगणं मोकळी आणि सगळी दारं बंद. पत्र्यांवर पावसाचा ताशा इतका जोरात की आता तो छपराची पन्हळ म्हणाला काय, टाकीची म्हणाला काय, आतल्या माणसांना एक अक्षर कळत नव्हतं. त्याने सुताराचं दार वाजवलं. आतून उत्तर आलं, घेतली बाबा, आत घेतली, तू घरी जा, भिजशील.

आत्याच्या घरापाशी येऊन तो मटकन खाली बसला. तिच्या छपरावरची एकुलती एक पन्हळ धो धो वाहत होती आणि टाकीत पाणी पडायचा आवाज येत होता. आत्या खिडकीत होती. बाईसाहेब तिच्या पडवीत, पावसाकडे पाठ करून.

"बाईसाहेब," आत्या म्हणाली, "त्याला म्हणावं, पन्हळ पन्हळ काय करतोस. त्याचा बाप काय ओरडायचा ते आठव म्हणावं."

ठोक्याने वर बघितलं. छपराच्या कोपऱ्यावरून, जिथे पन्हळ संपत होती तिथून, पाण्याची एक बारीक धार गळत होती. तिला काय म्हणतात ते त्याला आठवलं, आणि त्याबरोबर बापाचा आवाज आठवला. दर हिवाळ्यात पहिली सर आली की बाप छपरावर उभा राहून सगळ्या वस्तीला एकच हाक द्यायचा. बापामागे दुसरं कुणीतरी द्यायचं, पण तीन वर्षं ती कुणीच दिली नव्हती.

तो आत्याच्या शिडीवर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बापासारखी लांबवून हाक दिली.

"पागोळ्या धरा हो, पागोळ्या धरा."

ती हाक पावसाच्या आवाजातून अशी गेली जशी सुई कापडातून. आधी सुताराचं दार उघडलं. मग बाईंचं. मग सगळीच. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, हात आपापले हलले. कुणी शिडी आणली, कुणी दोर, आणि ज्या पन्हळी आत गेल्या होत्या त्या वैरण झटकून बाहेर आल्या. छपरांच्या कडेचे आकडे जागच्या जागी होते. अडचण एवढीच की पन्हळीची दोन्ही तोंडं ठोक्याने स्वतः बंद केलेली आणि ती काही केल्या निघेनात. सुताराने पकड लावली, बाईंनी दगड घातला. आयुष्यात पहिल्यांदा ठोक्याला आपल्या पक्क्या कामाचा राग आला. तो कात्री घेऊन दारोदार धावला आणि एका बाजूचं तोंड कापत सुटला. मागून बायको शिडी धरून, त्याला शिव्या घालत आणि हसत. भोकं पडली होती तिथे कुणी साबण लावला, कुणी कणीक थापली.

आता बाईसाहेबांचं ऐका. ठोक्याची स्वतःची पन्हळ रिकामी करायची राहिली होती आणि त्यांनी त्यात तोंड घातलेलं. पन्हळ उचलली तरी तोंड काढेनात. नवराबायको पन्हळ घेऊन शिडी चढले, तर बाईसाहेब पन्हळीतली वैरण खात खात मागोमाग शिडी चढल्या आणि शेवटची काडी संपेपर्यंत छपरावर उभ्या राहिल्या. खालून सगळी वस्ती पोट धरून हसत होती. तीन वर्षांत एवढं हसणं झालं नव्हतं.

पाऊस शुक्रवारी पहाटेपर्यंत पडला. बायका अंगणात उभ्या राहून केस धुवत होत्या, आणि पोरं टाकीच्या भिंतीला कान लावून बसली होती. टाकी भरत येते तसा आतला आवाज बदलतो, तो म्हाताऱ्यांना माहीत होता, पोरांना नाही.

शुक्रवारी सकाळी ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि गाठोडी कुठे आहेत म्हणून विचारू लागला. सुताराने त्याच्या हातात काठी दिली आणि टाक्यांकडे बोट केलं. ड्रायव्हरने एकेका टाकीत काठी बुडवली. कुठे कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत. मग बाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. दोन वर्षं यांना पाणी पाजलेला माणूस तो, त्याने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. मग गटागटा प्यायला, रिकामा ट्रक वळवला आणि घाट उतरून गेला.

ठोक्या घरी आला तेव्हा आत्या खिडकीत होती. तो काहीतरी बोलायच्या तयारीत उभा राहिला, पण हातात हातोडी नव्हती, त्यामुळे शब्द सुचेना. आत्याने शेळीकडे बघितलं. बाईसाहेब झोपल्या होत्या.

"आत ये," आत्या म्हणाली. "चहा टाकलाय. पाय पुसून ये."

चौदा महिन्यांनी थेट त्याला. तो पाय पुसून आत गेला. आत्याने चहा पुढे ठेवला आणि त्याचा उजवा कान पिळला, जुन्या सवयीने. तो माफी मागायला लागला तेव्हा ती म्हणाली, आधी पी, निवतोय. चहा इतका गोड होता की ठोक्याचे डोळे भरून आले.

झालं. बाहेर पागोळ्या अजून गळत होत्या.

आता एवढी शपथ घेतलीय तर कबूल करते, एक गोष्ट मी पदरची घातली. चहा गोड नव्हता. साखर वस्तीत तेव्हा कुणाकडेच नव्हती, चहा कडू जहर होता, आणि तरी त्याने दुसरा कप मागितला. शेळी छपरावर चढली ते मात्र खरं.